दोघी बोलतात तेव्हा : बेक्डेल चाचणी आणि मराठी चित्रपटातील स्त्रीसंवाद

मराठी चित्रपटातील स्त्रीचित्रणावरचे लेखन वाचले तर बहुतेक ठिकाणी एकट्या नायिकेचा विचार आढळतो. ती सोशिक आहे की बंडखोर, परंपरेला शरण जाणारी की तिला प्रश्न विचारणारी, तिला शेवटी न्याय मिळतो की नाही, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांवरून चित्रपट पुरोगामी किंवा प्रतिगामी ठरवला जातो. ती नायिका कोणाशी बोलते, तिला उत्तर देणारी दुसरी स्त्री पडद्यावर आहे काय, आणि असल्यास त्या दोघींच्या बोलण्याला कथानकात काही वजन आहे काय, हे प्रश्न त्या मानाने क्वचित विचारले जातात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे दुसऱ्या प्रकारचे प्रश्न आहेत. त्यांची चर्चा जगभर 'बेक्डेल चाचणी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका साध्या कसोटीभोवती फिरते. ती कसोटी कोठून आली, तिने काय दाखवून दिले, मराठी चित्रपटांना ती लावली असता कोठे उपयोगी पडते आणि कोठे अपुरी ठरते, हे पाहून अखेरीस स्त्रियांच्या संवादाचे मोल त्याच्या विषयावरून न ठरवता त्याच्या परिणामावरून ठरवावे, असे येथे सुचवायचे आहे.

१. कसोटीचा उगम

अमेरिकी व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांची 'डाइक्स टू वॉच आउट फॉर' ही समलिंगी स्त्रियांच्या दैनंदिन जीवनावर आधारलेली व्यंगचित्रमालिका १९८३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात १९८५ साली 'द रूल', म्हणजे 'नियम', या शीर्षकाचा एक भाग आला. त्यात दोन मैत्रिणी चित्रपट पाहावा या विचाराने रस्त्याने चालल्या आहेत आणि भोवताली मारधाडीच्या चित्रपटांची भित्तिपत्रके लागली आहेत. त्यांच्यापैकी एक सांगते की चित्रपट पाहण्यासाठी तिच्या तीन अटी आहेत : त्यात निदान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि त्यांचे बोलणे पुरुषाखेरीज अन्य कशाविषयी तरी असावे. या अटींत बसणारा, तिला पाहता आलेला शेवटचा चित्रपट म्हणजे १९७९ चा 'एलियन'. कारण त्यातील दोन स्त्रिया एकमेकींशी बोलतात, आणि बोलतात ते अंतराळयानात शिरलेल्या राक्षसी प्राण्याविषयी. अखेरीस दोघी चित्रपटगृहात न जाता घरी जाऊन मक्याच्या लाह्या करण्याचे ठरवतात. ही कल्पना लिझ वॉलेस या मैत्रिणीकडून मिळाल्याचे बेक्डेल यांनी आरंभापासून नोंदवले असल्यामुळे काही अभ्यासक तिला 'बेक्डेल–वॉलेस चाचणी' असेही म्हणतात.

या उगमाचा एक भाग पुढे विसरला गेला. मूळ नियम चित्रपटांची प्रतवारी लावण्यासाठी केलेला नव्हता. ज्या स्त्रियांच्या भावजीवनात पुरुष मध्यवर्ती नाही, त्यांना पडद्यावर स्वतःसारखे काही सापडत नाही, ही तक्रार विनोदाच्या अंगाने त्यात मांडलेली होती. तक्रारीचा आशयही नवा नव्हता. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ मध्ये केंब्रिजच्या दोन स्त्री-महाविद्यालयांत दिलेल्या आणि १९२९ साली 'अ रूम ऑफ वन्स ओन' या पुस्तकात विस्तारलेल्या व्याख्यानांत, कथावाङ्मयातील स्त्रिया जवळजवळ नेहमी पुरुषांशी असलेल्या नात्यातूनच दिसतात, हे निरीक्षण मांडले होते. त्यांनी कल्पिलेल्या एका कादंबरीत दोन स्त्रिया एका प्रयोगशाळेत सोबत काम करतात, आणि एवढ्या साध्या प्रसंगाने साहित्यात किती नवा प्रदेश खुला होतो, याची चर्चा वुल्फ यांनी केली होती. बेक्डेल यांच्या नियमाने तोच विचार कोणालाही सहज मोजता येईल अशा रूपात आणला.

मोजता येण्याच्या या सोयीमुळे नियमाचा प्रसार झाला. पुढे त्यात 'दोन्ही स्त्रीपात्रांना नाव असावे' अशी एक अट काहींनी जोडली, कारण त्यावाचून दुकानातील विक्रेती आणि ग्राहक यांच्यातील एका वाक्याच्या देवाणघेवाणीनेही चाचणी उत्तीर्ण होत असे. २०१३ साली स्वीडनमधील चार चित्रपटगृहांनी चाचणीत बसणाऱ्या चित्रपटांना 'ए' हे मानचिन्ह देण्याचा उपक्रम सुरू केला. युरोपातील सहनिर्मितीला साहाय्य करणाऱ्या 'युरिमाज' या निधीने निर्मात्यांच्या स्वयंमूल्यांकनात या चाचणीचा अंतर्भाव केला. २०१४ साली आकडेवारीवर आधारित पत्रकारिता करणाऱ्या 'फाइव्हथर्टीएट' या अमेरिकी प्रकाशनाने १९७० ते २०१३ या काळातील सुमारे १,८०० चित्रपट तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे निम्मे तिन्ही अटी पूर्ण करत नसल्याचे दिसले. अटी किती किमान आहेत हे लक्षात घेता या निष्कर्षाचे गांभीर्य कळते : दोन तासांच्या कथेत दोन स्त्रियांनी एकमेकींशी पुरुषाखेरीज कशाविषयी तरी एकदा बोलावे, एवढेही घडत नव्हते.

२. चाचणी काय मोजते

या चाचणीवरील बहुतेक वाद ती काय मोजते याच्या गैरसमजातून उद्भवले आहेत. २०१३ च्या 'ग्रॅव्हिटी' या चित्रपटात अंतराळात एकट्या पडलेल्या स्त्रीशास्त्रज्ञाची कथा असून बहुतांश वेळ पडद्यावर तीच असते, तरीही तिला बोलायला दुसरी स्त्री नसल्यामुळे चित्रपट चाचणीत बसत नाही. उलट, स्त्रीविषयी तुच्छतेने भरलेला एखादा चित्रपट दोन सख्यांच्या दागिन्यांविषयीच्या अर्ध्या मिनिटाच्या गप्पांवर सहज उत्तीर्ण होऊ शकतो. यावरून चाचणी निरर्थक ठरवली जाते. परंतु पर्जन्यमापकावरून तालुक्यात पाऊस किती झाला हे समजते, एखाद्या शेतातील पीक कसे आहे हे समजत नाही, आणि त्यात दोष पर्जन्यमापकाचा नसतो. बेक्डेल चाचणीचे मापही असेच समूहाचे आहे. एका वर्षाच्या, एका निर्मितीसंस्थेच्या किंवा एका भाषेच्या एकूण चित्रपटांत स्त्रियांचा परस्परसंवाद किती विरळ आहे हे ती दाखवते. एकट्या चित्रपटाच्या गुणवत्तेचा निवाडा तिच्याकडून मागणे गैर आहे.

चाचणीचे दुसरे बलस्थान असे की ती पाहण्याऐवजी ऐकण्यावर भर देते. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात 'पुरुषी नजर' ही संकल्पना मांडली. रूढ कथापटात कॅमेरा, पुरुषपात्र आणि प्रेक्षक या तिघांची नजर एकत्र येऊन स्त्रीला पाहण्याची वस्तू करते, असा तिचा आशय आहे. या संकल्पनेमुळे समीक्षेचे लक्ष दीर्घकाळ दृश्यावर राहिले. संवादाची कसोटी त्याला पूरक ठरते, कारण जी स्त्री केवळ पाहिली जाते तिचे अस्तित्व पाहणाऱ्यावर अवलंबून असते, तर दोन स्त्रिया एकमेकींशी बोलू लागल्या की त्या प्रसंगापुरती तरी कथेची सूत्रे पाहणाऱ्याच्या हातून निसटतात.

३. मराठी पडद्यावरील आरंभ

या तीन अटी मराठी भूमीतील चित्रपटाच्या आरंभाला लावून पाहिल्या तर एक सूचक क्रम दिसतो. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, कारण पडद्यावर यायला स्त्री मिळाली नाही. त्या चित्रपटात कथेतील राणी होती, पण पडद्यावर स्त्री नव्हती. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघी पडद्यावर आल्या. म्हणजे पहिली अट फाळके यांच्या दुसऱ्याच चित्रपटात पूर्ण झाली, आणि तीही एका मायलेकींनी. पण चित्रपट मूक असल्यामुळे दुसऱ्या अटीसाठी बोलपटाची वाट पाहावी लागली. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला तेव्हा तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. दोन दशकांत तारामतीला स्त्रीचा देह मिळाला आणि स्त्रीचा आवाजही मिळाला.

आवाज मिळाल्यावर तो कोणाकडे वळला, हा पुढचा प्रश्न. १९३६ च्या 'संत तुकाराम'मधील जिजाई ही मराठी पडद्यावरील सर्वांत जिवंत स्त्रीपात्रांपैकी एक आहे. गौरी यांनी साकारलेल्या या जिजाईची भाषा रोखठोक, घरच्या उपासमारीतून आलेली आहे आणि भक्तीच्या उदात्ततेपुढे ती संसाराचा हिशेब ठामपणे मांडते. मात्र तिच्या बोलण्याचा ओघ मुख्यतः तुकारामाकडे, मुलांकडे आणि ज्याच्यामुळे संसार उघड्यावर पडला त्या विठ्ठलाकडे वाहतो. चाचणीच्या दृष्टीने हे पात्र मोजणीबाहेर राहते. तरीही चित्रपटातील वैचारिक ताण तिच्यामुळेच उभा राहतो, आणि म्हणून चाचणीची मर्यादा मराठी चित्रपटाच्या पहिल्याच उत्कर्षकाळात दिसून येते.

४. तिसऱ्या अटीची अडचण

मराठी समाजाच्या संदर्भात सर्वांत अधिक विचार मागणारी अट तिसरी आहे : बोलणे पुरुषाविषयी नसावे. ही अट तपासण्यासाठी चित्रपटाबाहेरचा, पण मराठी स्त्रियांच्या परस्परसंवादाचा सर्वांत मोठा ठेवा विचारात घेणे उपयुक्त ठरेल. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने खेडोपाडी जाऊन जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. या ओव्या स्त्रियांनी रचल्या, स्त्रियांनी गायल्या आणि पहाटेच्या दळणाला समोर बसलेल्या स्त्रीने ऐकल्या. त्या ऐकून पुढचे कडवे तिने जोडले. तरीही त्यांतील मोठा भाग भावाविषयी, बापाविषयी, लेकाविषयी आणि पंढरीच्या विठ्ठलाविषयी आहे. तिसरी अट काटेकोरपणे लावली तर मराठी स्त्रियांच्या बोलण्याचे हे भांडार बरेचसे अनुत्तीर्ण ठरेल.

याचे कारण ओव्या रचणाऱ्यांच्या मनोवृत्तीत शोधण्याऐवजी त्यांच्या परिस्थितीत शोधावे लागते. सासरी नांदणाऱ्या स्त्रीचा माहेराशी संबंध भावाच्या येण्यावर अवलंबून होता. दिवाळीला न्यायला तोच येणार, चोळी-लुगडे तोच आणणार, आणि आईबाप गेल्यावर माहेरचे दार उघडे ठेवणे किंवा लावणे त्याच्याच हाती राहणार. अशा व्यवस्थेत भावाविषयीचे बोलणे हे प्रवासाच्या मुभेविषयीचे, आधाराविषयीचे आणि हक्काविषयीचेही बोलणे असते. जमीन, घर, मजुरी आणि विवाह हे सारे ज्या समाजात स्त्रीपर्यंत पुरुषाच्या मार्फत पोचते, तेथे स्त्रियांच्या गंभीर चर्चेत पुरुषाचे नाव येणारच. विषय पुरुष आहे एवढ्यावरून ते बोलणे परावलंबी ठरवल्यास त्या चर्चेतील व्यवहारज्ञान दृष्टीआड होते.

व्ही. शांताराम यांचा १९३७ चा 'कुंकू' या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात शांता आपटे यांनी रंगवलेली नीरा, वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या काकासाहेब या विधुराशी फसवून लावलेला विवाह मान्य करण्यास नकार देते. काकासाहेबांची पहिल्या विवाहापासूनची मुलगी समाजकार्य करणारी असून ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. प्रत्यक्ष जीवनातही त्या संततिनियमनाच्या कार्यात अग्रेसर होत्या. सावत्र आई आणि सावत्र मुलगी या दोघींचे बोलणे स्वाभाविकपणे त्या विवाहाविषयी, म्हणजे पर्यायाने काकासाहेबांविषयी आहे. अक्षरशः पाहिले तर हा संवाद तिसऱ्या अटीत अडखळतो. परंतु घरमालकाची स्वतःची मुलगी त्याच्या पत्नीची बाजू घेते तेव्हा नीराच्या नकाराला घरातूनच आधार मिळतो आणि जरठ-बाला विवाहाचा प्रश्न पतिपत्नींच्या खासगी भांडणातून बाहेर येऊन नैतिक प्रश्न होतो. त्या काळी हजारो मुलींच्या वाट्याला आलेल्या व्यवस्थेविषयी दोन स्त्रिया पडद्यावर बोलत आहेत, आणि त्या व्यवस्थेचे मूर्त रूप योगायोगाने एक पुरुष आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) हा दुसरा दाखला. डॉ. चक्रपाणि शास्त्री हे संस्कृतचे विद्वान स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. रस्त्यावर दिसलेल्या हत्तीमागे ते निघून जातात आणि माहुताची कानडी बोलणारी पत्नी चन्नम्मा त्यांना लेकराप्रमाणे सांभाळते. इकडे त्यांच्या मुली वडिलांविषयी बोलतात : त्यांना कोणी सांभाळायचे, आपले आयुष्य किती बाजूला ठेवायचे, कर्तव्य कोठे संपते आणि अपराधभाव कोठे सुरू होतो. या साऱ्या बोलण्याचे निमित्त एक पुरुष आहे. विषय मात्र सेवेचे ओझे हा आहे, आणि भारतीय कुटुंबात हे ओझे मुख्यतः स्त्रियांवर पडत असल्यामुळे त्याची चर्चाही त्यांच्यातच होणे क्रमप्राप्त आहे. 'पुरुषाविषयी बोलू नये' या अटीने असा चित्रपट वगळला गेला तर अटीचा मूळ हेतूच बाजूला पडतो.

५. उत्तीर्ण होऊनही उणे

याच्या उलट बाजूला १९९१ चा 'माहेरची साडी' आहे. विजय कोंडके यांनी 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावरून केलेल्या या चित्रपटाने मराठीत उत्पन्नाचे विक्रम केले आणि गावोगावच्या स्त्रियांनी तो पुनःपुन्हा पाहिला. अलका कुबल यांची सोशिक सून आणि उषा नाडकर्णी यांची छळणारी सासू यांच्यामुळे पडद्यावर स्त्रियांचे परस्परांशी बोलणे भरपूर आहे, आणि ते घरकाम, मानपान व देणेघेणे अशा विषयांवरही आहे. म्हणजे कागदावर तिन्ही अटी पूर्ण होतात.

परंतु या बोलण्याला संवाद म्हणता येईल काय, हा प्रश्न उरतो. संवादात दोन्ही बाजूंना एकमेकींचे म्हणणे ऐकू जाण्याची शक्यता असावी लागते. येथे सासूचे शब्द सुनेवर आदळतात आणि सुनेचे शब्द सासूवर कोणताही परिणाम करत नाहीत. कथा पुढे सरकते ती बाप, भाऊ आणि नवरा यांच्या वागण्यातील बदलाने. दोन स्त्रियांचे बोलणे नायिकेच्या सोशिकपणाचा पुरावा जमवण्यापुरते उरते. स्त्री-प्रेक्षकांना या चित्रपटात स्वतःच्या दुःखाची ओळख पटली हे खरे असून त्या ओळखीला हीन लेखण्याचे कारण नाही. तथापि दुःखाची ओळख पटणे आणि बोलण्याला वजन मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाचणी त्यांच्यात भेद करू शकत नाही.

६. विषयाकडून परिणामाकडे

'कुंकू' आणि 'अस्तु' यांना शंकास्पद ठरवणारी आणि 'माहेरची साडी'ला उत्तीर्ण करणारी तिसरी अट बदलावी लागेल, हे यावरून दिसते. 'दोघी कशाविषयी बोलतात' या प्रश्नाच्या जागी 'दोघी बोलल्यामुळे काय होते' हा प्रश्न ठेवावा, असा प्रस्ताव येथे मांडता येतो. नाट्यविचारात संवाद ही कृती मानली जाते. बोलण्याने काही घडत नसेल तर ते बोलणे शोभेपुरते असते. हेच तत्त्व स्त्रीसंवादाला लावताना परिणामाची तीन अंगे पाहता येतात. पहिले ज्ञानाचे : त्या बोलण्यातून कथेला किंवा प्रेक्षकाला असे काही कळते काय, जे अन्य मार्गाने कळले नसते? दुसरे निर्णयाचे : त्यानंतर कोणी वेगळे वागते काय? तिसरे नात्याचे : बोलण्यापूर्वी त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या आणि बोलल्यानंतर कोण झाल्या? व्यवहारात याची परीक्षा संकलकाच्या टेबलावर करता येते. तो प्रसंग कापून काढला आणि उरलेला चित्रपट जसाच्या तसा समजला, तर तो संवाद अटींपुरता होता असे समजावे.

या परीक्षेत स्त्रियांचा विजय अपेक्षित नाही, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. जब्बार पटेल यांचा १९८२ चा 'उंबरठा' याचे उत्तम उदाहरण आहे. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या या पटकथेत स्मिता पाटील यांची सुलभा महाजन घर सोडून एका महिलाश्रमाची अधीक्षक होते. आश्रमातील स्त्रियांशी होणाऱ्या बोलण्यातून तिला संस्थेच्या नोंदवह्यांत नसलेले सत्य कळते आणि त्या ज्ञानामुळे तिचे निर्णय बदलत जातात. मात्र अंतिम अधिकार व्यवस्थापक मंडळाकडे आहे आणि त्या मंडळाच्या बैठकीत हे बोलणे पुरावा म्हणून चालत नाही. स्त्रियांचा संवाद येथे पराभूत होतो. पण चित्रपट त्या पराभवाची जाणीव ठेवून तो दाखवतो, कारण संवाद खरा आणि निर्णायक आहे हे प्रेक्षकाला आधीच पटलेले असते. याच चित्रपटात आश्रमातील दोन स्त्रियांच्या परस्पर-आकर्षणाचा प्रसंग येतो आणि संस्थेपुढे तो एक अडचणीचे प्रकरण म्हणूनच उभा राहतो. ज्या स्त्रियांसाठी बेक्डेल यांनी आपला नियम लिहिला, त्यांच्यापर्यंत मराठी पडदा पोचला तो अशा रीतीने, नियमाच्या जन्माआधी तीन वर्षे. पण बोलण्याची जागा त्यांना दिली नाही.

सुमित्रा भावे यांच्या कामाचा या संदर्भात स्वतंत्र उल्लेख करावा लागेल. समाजकार्याच्या अध्यापनातून आणि वस्तीतील स्त्रियांच्या आत्मप्रतिमेविषयीच्या संशोधनातून त्या चित्रपटाकडे वळल्या आणि १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट त्यांनी केला. संशोधनात स्त्रियांचे ऐकणे हीच पद्धत असल्यामुळे त्यांच्या पटकथांत बोलणे हे माहिती मिळण्याचे साधन म्हणून येते. सुनील सुकथनकर यांच्यासह केलेल्या 'दोघी' (१९९५) या चित्रपटात लग्नाच्याच दिवशी आलेल्या आपत्तीमुळे अपशकुनी ठरलेली गौरी मुंबईला पाठवली जाते, देहविक्रयात ढकलली जाते आणि तिच्या पैशावर घर चालते. बहीण कृष्णा हिच्या लग्नासाठी ती परतते तेव्हा आई तिच्याशी अंतर राखून वागते. घरातील सर्वांना माहीत असलेले पण कोणी न उच्चारलेले सत्य या तीन स्त्रियांमध्ये उभे आहे, आणि बहिणी एकमेकींशी किती बोलू शकतील यावर कथेचा पुढचा सारा भार आहे. येथे बोलणे थोडे आहे. तरी त्यातला एकही प्रसंग काढता येणार नाही.

नागराज मंजुळे यांच्या दोन चित्रपटांत परिणामाची कसोटी जातीच्या प्रश्नापर्यंत जाते, जेथे मूळ चाचणी पोचत नाही. 'सैराट' (२०१६) मध्ये पाटलाची मुलगी आर्ची हैदराबादच्या वस्तीत सुमनअक्का या कष्टकरी स्त्रीच्या आश्रयाला येते. गावात हुकूम सोडण्याची सवय असलेल्या मुलीला तेथे दुसऱ्या स्त्रीचे ऐकून जगायला शिकावे लागते. निवारा, काम आणि परक्या शहरातली वागणूक हे सारे तिला त्या बोलण्यातून मिळते. 'फँड्री' (२०१३) मध्ये मात्र शालू जवळजवळ मूक आहे. जब्याच्या नजरेतून ती सतत दिसते आणि त्यांच्यात बोलणे होत नाही. पुरुषी नजरेचा आरोप येथे वरवर लागू होतो; परंतु पाहणारा मुलगा स्वतःच गावाच्या जातीय नजरेखाली दबलेला असल्यामुळे ते मौन दोन घरांमधले अंतर दाखवते. स्त्रीचे मौन लेखकाच्या दुर्लक्षातून आले की कथेच्या गरजेतून, हे कोणत्याही मोजणीने ठरत नाही. त्यासाठी चित्रपट वाचावाच लागतो.

७. बोलण्याच्या जागा

परिणामासोबत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे स्त्रियांना बोलण्यासाठी पटकथा कोणती जागा देते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मधील सरकारी वकील नूतन लोकलच्या प्रवासात सहप्रवासी स्त्रीशी घरगुती गप्पा मारते. या गप्पांनी खटल्याचा निकाल बदलत नाही. पण एका लोकशाहिरावरील खटल्यात जुन्या कायद्यांची कलमे शांतपणे वाचणारी ही व्यक्ती किती सर्वसाधारण आहे, हे प्रेक्षकाला त्यातूनच कळते, आणि त्या सर्वसाधारणपणातच चित्रपटाची टीका दडलेली आहे. हा ज्ञानाच्या अंगाचा परिणाम होय.

अलीकडच्या काळात स्त्रियांच्या समूहावर बेतलेल्या चित्रपटांना मोठा प्रेक्षक मिळाला. इरावती कर्णिक यांनी लिहिलेला आणि हेमंत ढोमे यांनी दिग्दर्शित केलेला 'झिम्मा' (२०२१) परदेशी सहलीला निघालेल्या वेगवेगळ्या वयाच्या स्त्रियांची गोष्ट सांगतो. वैशाली नाईक यांनी लिहिलेला आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेला 'बाईपण भारी देवा' (२०२३) दुरावलेल्या सहा बहिणींना मंगळागौरीच्या स्पर्धेनिमित्त एकत्र आणतो. त्या वर्षी सर्वाधिक उत्पन्न मिळवणारा मराठी चित्रपट तोच ठरला. दोघांतही स्त्रिया मनसोक्त बोलतात, बोलण्यातून नाती बदलतात, आणि स्त्रियांच्या गप्पांना गल्ला नसतो हा जुना व्यावसायिक समज त्यांनी मोडीत काढला.

तथापि या यशस्वी चित्रपटांकडे 'उंबरठा' आणि 'कोर्ट' यांच्यासह पाहिले तर एक साम्य लक्षात येते. आश्रम, लोकलचा डबा, सहलीची बस, स्पर्धेची तालीम : स्त्रियांनी मोकळेपणाने बोलावे यासाठी पटकथेला त्यांना घराबाहेर काढावे लागते. घरात असताना त्या पुन्हा पत्नी, सून किंवा आई या भूमिकेत शिरतात आणि बोलणे त्या भूमिकेच्या मापाचे होते. जात्यावर, पाणवठ्यावर आणि भोंडल्यात हाच मोकळेपणा नित्याच्या दिनक्रमाचा भाग होता. पडद्यावर तो सुट्टीचा भाग झाला आहे. रोजच्या स्वयंपाकघरात, कार्यालयात किंवा शेताच्या बांधावर, काही विशेष निमित्त नसताना, दोन स्त्रियांच्या बोलण्याने कथेचा मार्ग बदलतो असे चित्रपट मराठीत अद्याप थोडे आहेत. या उणिवेकडे मूळ चाचणी बोट दाखवत नाही, कारण ती जागेविषयी प्रश्नच विचारत नाही.

८. कसोटीचा योग्य उपयोग

मग बेक्डेल चाचणी टाकून द्यावी काय? तसे करणे चुकीचे ठरेल. एखाद्या दशकातील मराठी चित्रपटांची पद्धतशीर मोजणी झाल्यास अभ्यासकांना भक्कम आधार मिळेल, कारण एकेका चित्रपटाची बाजू घेणारे युक्तिवाद समूहाच्या आकड्यांपुढे टिकत नाहीत. मोजणी करताना मूळ तिन्ही अटी जशाच्या तशा ठेवाव्यात, म्हणजे अन्य भाषांशी तुलना शक्य होईल. परंतु अनुदान, पारितोषिक किंवा दर्जा यांच्याशी चाचणी जोडणे हितावह नाही. अट पैशाशी जोडली गेली की ती पूर्ण करण्यापुरता एक प्रसंग पटकथेत घुसवला जाईल. दोन नावधारी स्त्रिया हवामानाविषयी चार वाक्ये बोलतील आणि ज्या उणिवेकडे लक्ष वेधायचे होते ती झाकली जाईल.

परिणामाची कसोटी मोजणीच्या तक्त्यात बसणारी नाही, आणि तिची जागाही वेगळी आहे. ती समीक्षकाला चित्रपट पाहिल्यानंतर उपयोगी पडते, पण पटकथाकाराला चित्रपट होण्यापूर्वी अधिक उपयोगी पडते. पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात स्त्रियांचा प्रत्येक परस्परसंवाद वेगळा काढून, तो कापला तर कथेचे काय बिघडेल, हा प्रश्न लेखकाने विचारावा. काहीच बिघडत नसेल तर प्रसंग गाळण्याची घाई करू नये. त्या दोघींना असे काय माहीत असू शकते, जे कथेतील अन्य कोणालाही माहीत नाही, याचा शोध घ्यावा. जिजाईला घरातील धान्याचा हिशेब माहीत होता, चन्नम्माला अनोळखी म्हाताऱ्याची भूक कळली होती, सुलभाला नोंदवहीत न आलेली हकीकत ऐकायला मिळाली होती. स्त्रीपात्रांकडे असलेले हे ज्ञान कथानकाला वळण देऊ लागते, तेव्हा त्या कोणाविषयी बोलतात या प्रश्नाचे महत्त्व आपोआप कमी होते. बेक्डेल यांच्या नियमाने स्त्रियांचे बोलणे पडद्यावर आहे की नाही एवढे विचारण्याची सवय लावली. ते बोलणे ऐकून कथा आपला मार्ग बदलते की नाही, हे विचारण्याची जबाबदारी आता मराठी समीक्षेची आणि मराठी पटकथेची आहे.